एक कोयता म्हणजे किती माणसं?

पाहणीच्या फॉर्मवरचा चौथा प्रश्न साधा होता : घरात कमावती माणसं किती? बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातलं गाव, एप्रिलचं ऊन. पत्र्याच्या घराच्या उंबऱ्यावर बसून मी तो वाचला. मावशी म्हणाल्या, "आमचा एक कोयता." मी '१' लिहिलं. शेजारच्या घरीही एक कोयता, त्यापुढच्या घरी दोन. संध्याकाळी आमच्या प्राध्यापक मॅडमनी फॉर्म चाळले आणि विचारलं, "इथल्या बायका ऊस तोडत नाहीत का?"

तेव्हा कळलं, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळीच्या सुमाराला टोळीबरोबर निघायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडीला, हिशेब ठेवतो तोही जोडीचा. माझ्या फॉर्मांवरून दिवसभरात कितीतरी बायका गहाळ झाल्या होत्या, आणि त्या मीच गहाळ केल्या होत्या.

एम.ए.ला समाजशास्त्र घेऊन आठ महिने झाले होते. दुर्खीम, वेबर, घुर्ये यांची टिपणं पाठ होती. पण उंबऱ्यावर बसल्यावर त्यातलं काय हाती घ्यायचं, ते उमगत नव्हतं. एका आजींनी विचारलं, "लिहून नेता, मग पुढं काय व्हतं?" मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आजारपणाच्या प्रश्नाला एक बाई सहज म्हणाल्या, "पिशवी काढली." वय तिशीच्या आसपास. पोटात दुखायचं, अंगावरून जायचं. काढली नाही तर कॅन्सर होईल असं डॉक्टरांनी सांगितलं. पैसे उचलीतूनच घातले. आता कंबर धरते, मोळी उचलताना अंधारी येते. "मपलं नशीबच तसलं, बाई." पुढच्या गल्लीत दुसऱ्या बाईंनी जवळपास तेच शब्द वापरले. नशीबही तेच. तिसऱ्या घरी ऐकलं तेव्हा माझा पेन थांबला. फॉर्मवर रकाना एकच होता, 'आजार'. त्यात हे सगळं कुठं बसवायचं?

रात्री मॅडमनी पाठ केलेल्या टिपणांतलंच आठवायला लावलं. दुर्खीमने १८९७ च्या पुस्तकात आत्महत्येकडे एकेका माणसाच्या दुःखाच्या पलीकडे जाऊन पाहिलं. कुठल्या समाजात तिचं प्रमाण किती, ते तपासलं. परीक्षेत यावर मी दोन पानं लिहिली होती. त्याचा अर्थ मला त्या रात्री लागला. मग मॅडमनी २०१९ चे आकडे सांगितले. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या चौकशीच्या वेळी बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांची पाहणी झाली : ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं.

इतकं मोठं अंतर एकेकीच्या नशिबानं पडत नाही. फडावर संडास नाही, पाणी पुरेसं नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी वाहायचीच. खाडा पडला की दंड, दंड फिटेना की उचल पुढच्या हंगामावर. लग्नं लवकर होतात, कारण जोडी झाली की कोयता मिळतो. मूलबाळ झाल्यावर पिशवीचा आता उपयोग काय, असं घरचेही म्हणतात. यात वाईट डॉक्टर एक कडी आहे, पण एकच. बाकीच्या कड्या दिसायला घरोघर जाऊन, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून मोजावं लागतं. मला वाटतं, या विषयाचं हेच काम आहे, आणि ते मी आदल्या दिवशी चुकीच्या रकान्यात भरत होते.

सकाळी चौथा प्रश्न खोडून मी लिहिलं : घरातल्या कोणकोणत्या व्यक्ती, कोणतं काम, किती महिने? आजारपणाखाली तीन ओळी वाढवल्या आणि कालच्या घरांमध्ये परत गेले.

पिशवी काढलेल्या पहिल्या बाई दारातच होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "आणखी कुणाची काढलीय?" नावं सांगणार नाही, असा शब्द मी प्रत्येकीला दिला होता. "तुमची एकटीचीच नाही, मावशी," इतकंच म्हणाले.

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग बोटांवर मोजू लागल्या : थोरली जाऊ, मधली जाऊ, माहेरची चुलत बहीण, टोळीतली शेजारच्या झोपडीतली...

दुसऱ्या हाताची बोटं सुरू झाली होती.