ग्रहण आणि रोल

माणसाने आयुष्यात दोन गोष्टी पारखून निवडाव्यात म्हणतात : बायको आणि घर. माझी पहिली निवड आईने केली, दुसरी घरभाड्याने. त्यामुळे निवड करण्याची माझी हौस तशीच तुंबून राहिली होती. ती १९८० साली एका फिल्म रोलच्या निमित्ताने बाहेर पडली.

त्या वर्षी १६ फेब्रुवारीला, शनिवारी, खग्रास सूर्यग्रहण होते. त्याचा पट्टा अंकोल्याच्या किनाऱ्यावरून देशात शिरणार होता. मेव्हण्यांचा पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा मिळाला, बँकेतून सी. एल. मिळाली, घोडे अडले ते रोलपाशी. ऐपत एकाच रोलची, आणि एकदा तो कॅमेऱ्यात घातला की छत्तीस फोटो त्याच्याशीच संसार!

दुकानदार म्हणाला, "साहेब, सूर्य आहे तो! ओर्वोचा ८० ए. एस. ए. घ्या. दाणे बारीक, फोटो स्वच्छ." कॅशमधले सहकारी म्हणाले, "अहो, सूर्य झाकल्यावर उजेड राहतोय कुठे? ४००चाच घ्या." पंचाईत अशी की दोघांचेही बरोबर होते. ग्रहण लागत असताना कॅमेऱ्यापुढे काळी काच हवीच, इतका सूर्य प्रखर. खग्रास झाल्यावर मात्र उरते ते प्रभामंडळ, सूर्याच्या साधारण दहा लाखाव्या हिश्शाचे. कोणी रंगीत स्लाइडची फिल्म सुचवली. पण तिला एक्स्पोजरमधली चूक अजिबात खपत नाही म्हणे. तसे एक मॅनेजरसाहेब मला पुरेसे होते.

आठ दिवस जमाखर्च मांडून मी ४००चा रोल घेतला. तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, पण फोटोत सूर्य येणार केवढा?"

हे कोणीच विचारले नव्हते. भिंगाचे फोकल अंतर भागिले एकशे दहा, असा हिशेब. आमचे भिंग पन्नास मिलिमीटरचे. म्हणजे फिल्मवरचा सूर्य अर्ध्या मिलिमीटरहून कमी, खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान! रोल कुठलाही घेतला तरी खसखस ती खसखसच.

"असू दे," मी म्हणालो. रोलचे पैसे दिलेले होते.

अंकोल्याला दुपारी साडेतीनच्या सुमारास अंधारले. किनाऱ्यावर एकच ओरडा झाला. तीन मिनिटांहूनही कमी वेळ होता. मी खाली मान घालून शटरचे आकडे फिरवत होतो, खटके ओढत होतो. उजाडले तेव्हा हिच्या डोळ्यांत पाणी होते.

"पाहिलंत ना?"

"फोटोत बघू," मी म्हणालो.

फिल्म धुऊन आली. खग्रासचे सगळे फोटो कोरे! कॅमेऱ्यापुढची काळी काच काढायची मी विसरलो होतो. ग्रहण सूर्याचे सुटले, माझे राहिले. पुढे कित्येक वर्षे ही शेजाऱ्यांना ते आकाश वर्णन करून सांगायची आणि मीही तोंड उघडे टाकून ऐकायचो.

१९९५ साली ऐन दिवाळीत, २४ ऑक्टोबरला, मी हिला घेऊन राजस्थानात नीम का थान्याला गेलो. खग्रास अवघे एक मिनिटसुद्धा नव्हते. कॅमेरा मुद्दाम घरी ठेवला होता. नुसता मान वर करून उभा राहिलो. काय पाहिले ते सांगता येत नाही. एवढेच सांगतो की या खेपेला डोळे माझे ओले होते.

ही म्हणाली, "अहो, एवढ्या लांब आलो, एक तरी फोटो काढायचा होता!"