पुस्तकामागचा तेरा आकडी नंबर

‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’ वीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी नुसती हसते. मराठी घेऊन बीएड केलं, उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठीच शिकवते, तरी प्रशिक्षणाला गेलं की माझं आडनाव ऐकून कुणीतरी कौतुक करतंच. मराठीच्या शिक्षिकेला मराठी येतं, याचं कौतुक बाकी कुणाचं होत नाही. म्हणून पुस्तक काढलं. मुलांचं भलं वगैरे होतंच, पण आधी माझ्या नावाला वजन हवं होतं.

विषय शोधावा लागला नाही. आमच्या मुलांना मराठी परकी वाटत नाही, फसवी वाटते. घरी ‘तालीम’ म्हणजे शिक्षण, मराठीत तालमीत कुस्ती. उर्दूत राजीनामा झाला की भांडण मिटतं, मराठीत राजीनामा दिला की नोकरी जाते. त्यात उर्दूत लिंगं दोनच, इथे तिसरं नपुंसकलिंग. आणि वर तो ‘ळ’! अशा शब्दांच्या माझ्या वह्या पंधरा वर्षं भरत होत्या.

एका प्रकाशकाने छपाईचे पैसे मागितले, सत्काराचे वेगळे. मी नाही म्हटलं. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही. तो नंबर पुस्तकाची ओळख सांगतो, दर्जा नाही. पण आपल्याकडे पुस्तक उघडण्याआधी ते उलटं करून नंबर बघतात, त्याला काय करणार?

खरा घाम निघाला तो मालेगावच्या डीटीपीवाल्याकडे. उर्दू इनपेजमध्ये उजवीकडून, मराठी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडून, आणि दोन्ही एकाच ओळीत. ‘आपा, एकच भाषा ठेवा ना,’ तो तीनदा म्हणाला. पुस्तक कुठल्या बाजूने उघडायचं यावर दोन दिवस गेले. शेवटी मराठीच्या बाजूने. 96 पानं, 300 प्रती, 24 हजार रुपये. ‘एवढ्यात फ्रिज आला असता,’ इति आमचे हे.

1954च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाला कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवावी लागते. पाकिटावर ‘प्रकाशक’ म्हणून स्वतःचं नाव लिहिताना हात जरा थांबला होता.

वजन वाढलं का? पुढच्या प्रशिक्षणात माझी ओळख ‘लेखिका’ अशी करून दिली. चहाच्या वेळी एका सरांनी हळूच विचारलं, ‘मॅडम, मराठी कुणाकडून तपासून घेतलंत?’

महिन्याभराने मराठी शाळेतल्या एका अनोळखी बाईंचा फोन आला. ‘प्रयत्नांची शिकस्त’ शिकवताना त्यांच्या वर्गातला उर्दू बोलणारा मुलगा हसला होता. त्याच्या घरी शिकस्त म्हणजे पराभव. हा शब्द पुस्तकात का नाही, म्हणून त्यांनी मला चांगलंच धारेवर धरलं. आणखी दोन शब्द सुचवले. अर्धा तास बोललो. माझ्या मराठीचं कौतुक त्यांनी एकदाही केलं नाही. ‘शिकस्त’ दुसऱ्या आवृत्तीत घेणार आहे. बाकीच्या दोन शब्दांवर आमचं अजून भांडण चालू आहे.