घरात कोण कोण असते?

लेस्टर हे इंग्लंडच्या मध्यभागातील शहर. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना देशाबाहेर काढले, तेव्हा त्यांतील हजारो गुजराती कुटुंबे या शहरात येऊन वसली. बेलग्रेव्ह रोडवर आज साड्यांची, सोन्याची आणि मिठाईची दुकाने ओळीने उभी आहेत आणि दिवाळीत तो रस्ता दिव्यांच्या माळांनी उजळतो. त्यामुळे सांगली जिल्ह्यातील एका खेड्यातून मुलाकडे आलेल्या बाईंना पहिल्या आठवड्यात फारसा परकेपणा जाणवला नाही. कोथिंबीर मिळते, राजगिऱ्याचे पीठ मिळते, शेजारी बोलायला माणूस मिळते. आणखी काय हवे?

बाईंनी छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले होते. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारीत नसे. लहानथोर सगळे ‘बाई’च म्हणत. पती गेल्यानंतर त्या एकट्याच राहत आणि वेळ जावा म्हणून गल्लीतील मुलांची शिकवणी घेत. सप्टेंबर २०१८ मध्ये त्या सहा महिन्यांच्या व्हिसावर निघाल्या, तेव्हा त्यांचे वय सदुसष्ट होते. सहा महिन्यांहून अधिक काळ राहायला येणाऱ्या भारतीयांना ब्रिटनच्या व्हिसासाठी आधी छातीची तपासणी करून घ्यावी लागते. बाईंना ती लागली नाही. “ती लागली असती, तर बरे झाले असते,” असे पुढे एकदा सूनबाई रागाच्या भरात बोलून गेल्या. बोलणे कठोर होते, पण खोटे नव्हते.

खोकला ऑक्टोबरमध्ये सुरू झाला, असे घरातल्यांना वाटत होते. थंडी, बंद खिडक्या, घर गरम ठेवणाऱ्या यंत्राची कोरडी हवा, अशी कारणे भरपूर होती. मुलाने औषधाच्या दुकानातून खोकल्याचे औषध आणले, सूनबाईंनी हळदीचे दूध दिले. संध्याकाळी अंगात कणकण येई. परकराची नाडी दोन बोटे जास्त ओढावी लागे. दिवाळीच्या फराळाला बाईंनी हात लावला नाही, तेव्हा मात्र मुलगा धास्तावला. परंतु त्याचीही एक अडचण होती. आईसाठी घेतलेल्या प्रवासविम्यात जुन्या आजारांना जागा नव्हती आणि परदेशी पाहुण्याला ब्रिटनमधील रुग्णालयात उपचार घ्यावे लागले, तर सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते, हे त्याने कुठेतरी वाचले होते. पुण्याच्या फ्लॅटचे हप्ते अजून चालू होते. त्याच्या मनातला हिशेब त्याने आईला सांगितला नाही, पण आईला तो कळला.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तिच्या रचनेत वस्तीतला डॉक्टर हा पहिला उंबरठा असतो आणि इंग्लंडमध्ये हा उंबरठा पाहुण्यालाही विनामूल्य ओलांडता येतो. मुलगा सहा वर्षे त्या देशात राहत होता, तरी त्याला हे ठाऊक नव्हते. कार्यालयातील सहकाऱ्याने सांगितले म्हणून त्याने नाव नोंदवले. डॉक्टरांनी बाईंची छाती तपासली, “खोकला किती दिवस आहे?” असे विचारले. मुलाने आईच्या वतीने उत्तर दिले, “पाच आठवडे.” बाई गप्प राहिल्या.

एक्स-रे झाला, तीन वेळा थुंकी तपासायला गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निदान हाती आले. बाईंना फुप्फुसाचा क्षय झाला होता.

हा शब्द बाईंना नवा नव्हता. १९६१ मध्ये त्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षयरोग रुग्णालयात ठेवले होते. बाई तेव्हा दहा वर्षांच्या होत्या. वडील त्याला भेटायला जात, पण मुलांना नेत नसत. गावात सांगायचे ते “मिरजेला नोकरी लागली” असे. दीड वर्षाने दादा बरा होऊन परतला. अंगाने भरला होता, हसत होता. पण त्याचे ताट आणि तांब्या वेगळे झाले ते अखेरपर्यंत वेगळेच राहिले. ठरलेले लग्न मोडले आणि पुन्हा जुळले नाही. त्याचे ताट घासायला आई चुलीतली राख वेगळ्या करवंटीत ठेवीत असे. पुढे शाळेत आरोग्याचा पाठ शिकवताना बाई मुलांना सांगत, क्षय हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. घरी मात्र त्यांनीही ते ताट फळीवरच्या बाकीच्या ताटांत कधी मिसळले नव्हते.

दादाची ही गोष्ट आणखी एका कारणाने मनाला लागते. १९५६ मध्ये मद्रासमध्ये भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने एक प्रयोग सुरू केला होता. दाटीच्या घरांतून राहणाऱ्या गरीब क्षयरोग्यांचे दोन गट केले. एका गटाला वर्षभर रुग्णालयात ठेवून, विश्रांती आणि चांगला आहार देऊन औषधे दिली. दुसऱ्याला तीच औषधे घरी दिली. घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले. शिवाय, रोगी घरी राहिल्यामुळे कुटुंबातील माणसांना अधिक लागण झाली, असेही दिसले नाही. कारण धोका असतो तो मुख्यतः औषध सुरू होण्याआधीच्या दिवसांत. हे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरची क्षयरोग्यांची आरोग्यधामे हळूहळू ओस पडू लागली. मद्रासहून सांगलीला ही बातमी पोहोचण्याआधीच दादाची वळकटी बांधली गेली होती.

लेस्टरच्या घरी आलेली परिचारिका फक्त क्षयरोग्यांचेच काम पाहणारी होती. तिने आल्याबरोबर पहिली गोष्ट केली ती ही, की समोरची खिडकी उघडली. डिसेंबरचा गारठा आत शिरला. सूनबाईंनी विचारले, “आईंना रुग्णालयात कधी हलवायचे?” परिचारिका म्हणाली, हलवायचे नाही. दोन आठवडे त्यांनी घरातच, वेगळ्या खोलीत राहायचे, खिडकी उघडी ठेवायची आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. रिफॅम्पिसिन, आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे दोन महिने, मग त्यांतील पहिली दोन पुढे चार महिने. लघवी नारिंगी होईल, घाबरू नये.

मुलाने अडखळत खर्चाचे विचारले. परिचारिकेने मान हलवली. क्षयाची तपासणी आणि उपचार यांसाठी येथे कोणाकडूनही, अगदी पाहुण्याकडूनही पैसे घेत नाहीत. यामागे केवळ दया आहे, असे समजायचे कारण नाही. बिलाच्या भीतीने एकाने खोकला लपवला, तर किंमत सगळ्या वस्तीला द्यावी लागते. २००१ मध्ये याच शहरातील एका शाळेत क्षयाची मोठी साथ आढळली होती. ती आठवण शहर विसरले नव्हते.

यानंतरचा प्रसंग बाईंच्या मनात कायमचा राहिला. परिचारिकेला रोग्याच्या निकट सहवासात आलेल्या माणसांची यादी करायची होती. मुलगा भाषांतराला पुढे सरसावला, तेव्हा तिने त्याला नम्रपणे खोलीबाहेर जायला सांगितले. घरच्या माणसाने दुभाष्याचे काम करू नये, अशी तेथली पद्धत आहे. तिने फोन लावून टेबलावर ठेवला आणि त्यातून एका अनोळखी बाईचा मराठी आवाज आला. बोलणे नेमके, शांत, तरी मधूनच वऱ्हाडी वळण डोकावे. “नर्सताई विचारून राहिल्या आहेत, खोकला खरोखर कधी सुरू झाला?”

मुलासमोर जे तोंडून निघाले नव्हते, ते त्या चेहरा नसलेल्या आवाजापुढे निघाले. खोकला श्रावणातच लागला होता. निघण्याच्या आठ दिवस आधी रुमालावर रक्ताचा ठिपकाही दिसला होता. तिकीट काढलेले होते, नातीला पाहून तीन वर्षे झाली होती. बाईंनी रुमाल स्वतःच्या हाताने धुतला आणि कोणाला सांगितले नाही.

“घरात कोण कोण असते?” आवाजाने पुढे विचारले. मुलगा, सून, सात वर्षांची नात. “आणखी कोणाबरोबर बंद खोलीत बराच वेळ बसणे झाले? सगळा वेळ मिळून आठ तासांहून जास्त?”

बाई म्हणाल्या, “कोणी नाही.”

हे खरे नव्हते. शेजारी युगांडातून आलेल्या, सत्तरीच्या एक बेन राहत. त्यांच्याकडे बाई रोज दुपारी दोन तास बसत. एकीची मोडकी गुजराती, दुसरीची मोडकी हिंदी, मध्ये शेंगदाणे आणि कंपालातल्या बालपणाच्या गोष्टी. त्या परमुलुखात बाईंना एवढे एकच माणूस स्वतःचे म्हणून मिळाले होते. बेनना कळले, तर दुपारचे दार बंद होईल, ही भीती. दादाचे ताट डोळ्यांपुढे होतेच.

घरातल्या तिघांच्या तपासण्या झाल्या. मुलगा आणि सून यांना काही नव्हते. नातीच्या हातावर मात्र माँटू चाचणीचे गांधे उठले. तिचा एक्स-रे स्वच्छ होता. याचा अर्थ, जंतू शरीरात शिरले होते, पण झोपलेले होते. तिला रोग नव्हता आणि तिच्यापासून कोणाला लागणही होणार नव्हती. तीन महिने दोन औषधे घेतली, म्हणजे पुढचा धोका बराच टळणार होता. शाळेतल्या आयांना कळेल का, या चिंतेने सूनबाईंची झोप उडाली. रोग्याचे नाव बाहेर जात नाही, असे परिचारिकेने त्यांना दोनदा सांगितले. त्या रात्री स्वयंपाकघरात सूनबाई बाईंशी एक शब्द बोलल्या नाहीत. भांड्यांचा आवाज तेवढा होत राहिला. बाईंना तो आवाज योग्यच वाटला.

दुसऱ्या दिवशी नातीने औषध प्यायला नकार दिला. बाईंनी आपल्या गोळ्या तळहातावर घेतल्या, तोंडावर मुखपट्टी बांधून त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चल, कोणाचे आधी संपते ते पाहू.” नातीने विचारले, “आजी, तू मला हे दिलेस का?” बाई म्हणाल्या, “हो. माझ्याकडूनच तुला आले.” शिक्षिकेच्या आयुष्यात मुलांच्या हजारो प्रश्नांना उत्तरे दिली, पण इतके सरळ उत्तर देताना इतका त्रास कधी झाला नव्हता.

पुढच्या भेटीत परिचारिकेने फोन लावला, तेव्हा बाईंनी आपणहून बेनचे नाव सांगितले. परिचारिका रागावली नाही. बेनना तपासणीसाठी पत्र जाईल, त्यात तुमचे नाव नसेल, असे ती म्हणाली. बाईंना ते पटेना. पत्राआधी आपण सांगितले पाहिजे, असा त्यांनी हट्ट धरला आणि फोनवरून, आपल्या मोडक्या हिंदीत, त्यांनी ते सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

नऊ दिवस बेनच्या खिडकीचा पडदा हलला नाही. त्यांचा एक्स-रे स्वच्छ निघाला. एव्हाना बाईंच्या औषधांनाही दोन आठवडे उलटून गेले होते आणि बाहेर पडायला हरकत नाही, असे परिचारिकेने कळवले होते. दहाव्या दिवशी दुपारी बेन स्वेटर, कोट, लोकरी टोपी असा जामानिमा करून आल्या. घरात आल्या नाहीत. बागेतली ओली खुर्ची पुसून उघड्या खिडकीबाहेर बसल्या. “पहेले बोलना चाहिए था,” एवढेच म्हणाल्या. बाईंनी मान खाली घातली. मग बेननी कोटाच्या खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढून खिडकीच्या कठड्यावर ठेवली.

व्हिसा मार्चमध्ये संपत होता आणि उपचाराचे तीन महिने बाकी होते. परिचारिकेने सगळा तपशील लिहून पत्र दिले. ते घेऊन बाई गावी परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेल्या. भारतातही क्षयाची औषधे सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात. शेवटच्या चार महिन्यांत इंग्लंडमध्ये दोनच औषधे असतात, इथे तीन. त्यामुळे डॉक्टरांनी पत्र वाचून गोळ्या बदलल्या. एप्रिल २०१८ पासून रोग्याच्या पोषणासाठी दरमहा ५०० रुपये बँकेत जमा होऊ लागले होते. (नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली आहे.) बाई म्हणाल्या, “मला निवृत्तिवेतन आहे.” कारकून म्हणाला, “असू दे बाई, नोंद तर करावीच लागते.”

नोंदवही घेऊन बसलेली आरोग्यसेविका त्यांचीच जुनी विद्यार्थिनी होती. बाईंना ओळखून ती उठून उभी राहिली आणि मग पुढचा प्रश्न विचारायला संकोचू लागली. आजूबाजूच्या बाकावर गावातली माणसे बसली होती. तिने आवाज खाली आणला. “बाई, घरात कोण कोण असते?”

“घरात मी एकटी,” बाई नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून एक वही काढली. श्रावणात शिकवणीला येणाऱ्या अकरा मुलांची नावे त्यांनी विमानातच लिहून ठेवली होती. खाली भांडी घासायला येणाऱ्या बाईंचे नाव होते. “लिहून घे,” त्या म्हणाल्या, “पहिली दोन सख्खी भावंडे आहेत. त्यांच्या आईला मी स्वतः सांगते.”