देणे आणि देणगी



काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या शोकसभेत मला बोलायचे होते. सर नामांकित वक्ते होते. व्याख्यानमालांमुळे जिल्ह्यात त्यांना न ओळखणारा विरळाच. सभागृहात तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ मान खाली घालून बसले होते. त्या दोघांनी अठ्ठावीस वर्षे एका घरात संसार केला होता, हे आम्हा चार-दोघांनाच ठाऊक होते. मी भाषणात त्यांचा उल्लेख ‘सरांचे स्नेही’ असा केला. शब्द खोटा नव्हता, पुरेसाही नव्हता.

भाषेची अभ्यासक म्हणून सरांच्या बोलण्यातील एक लकब मी फार पूर्वी टिपली होती. मराठीत ‘तो गेला’ किंवा ‘ती गेली’ म्हणताच क्रियापद लिंग सांगून मोकळे होते. ‘आम्ही गेलो’ या रूपात मात्र सर्वांचा समावेश होतो. सर घराविषयी बोलताना नेहमी ‘आम्ही’ म्हणत. ‘आम्ही परवा कोकणात जाऊन आलो.’ कोणाबरोबर, हे त्या वाक्याला सांगावे लागत नसे. व्याकरणाच्या या एवढ्याशा आडोशाला एक माणूस आयुष्यभर राहिला.

सभा संपल्यावर पस्तिशीतील एक विद्यार्थी मला भेटला. (त्याच्या संमतीने, ओळखीच्या खुणा वगळून हे लिहीत आहे.) तो कधीकाळी सरांच्या वर्गात होता. मध्येच महाविद्यालय सोडून गेला आणि आता तुमच्यासारखाच नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून पदवी घेत होता. तो म्हणाला, “मॅडम, मी सरांसारखाच आहे. मी एकटाच असा आहे असं वाटून तेव्हा शिक्षण सोडलं. सर एकदा जरी बोलले असते, तरी थांबलो असतो. एवढं ते आमचं देणं लागत नव्हते का?”

हा प्रश्न मी आजही बाजूला सारू शकलेले नाही. समलिंगी व्यक्ती लोकांसमोर वावरत असेल, तर आपली लैंगिकता उघड करणे हे ती समाजाचे देणे लागते काय?

उत्तर शोधताना प्रथम आपली भाषा तपासू. अशा वेळी बातमीत अनेकदा ‘समलिंगी असल्याची कबुली दिली’ असे शब्द येतात. आपण गुन्ह्याची कबुली देतो, चुकीची देतो. विवाहित असल्याची कबुली कोणी देत नाही. हा शब्द वापरताच समोरच्याला आपण आरोपी ठरवलेले असते. आरोपीकडून आपण खुलासा मागतो आणि त्यालाच समाजाचा हक्क समजतो.

एकेकाळी तर हा आरोप कायद्याचाच होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ नुसार सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंधही गुन्हा ठरत. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हे संबंध गुन्ह्यातून वगळले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने अशा संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. चित्रपट दिग्दर्शक करण जोहर यांनी २०१७ मधील आत्मकथनात लिहिले, की आपला कल सर्वांना ठाऊक आहे, पण ते शब्द आपण उच्चारणार नाही, कारण या देशात त्यासाठी तुरुंगात जावे लागू शकते. त्यांच्यावर टीका झाली. परंतु ज्या उत्तराची शिक्षा तुरुंग असू शकते, ते उत्तर मागण्याचा अधिकार श्रोत्याला कोठून येतो? आमचे सर याच कायद्याखाली नोकरी करून निवृत्त झाले.

कायदा बदलला, तरी बोलण्याची किंमत संपली नाही. २०१९ मध्ये ओडिशाच्या धावपटू द्युती चंद यांनी आपले एका स्त्रीवर प्रेम असल्याचे जाहीर केले. त्या वेळी घरातूनच आपल्याला धमकावले जात असल्याचे त्यांनी सांगितले होते. त्यांच्या धैर्याचा अनेकांना आधार वाटला. मात्र बोलण्याचा निर्णय आणि परिणाम सोसण्याची तयारी, दोन्ही त्यांची स्वतःची होती.

हा निर्णय इतरांनी परस्पर घेतला तर काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. २२ सप्टेंबर १९७५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. ऑलिव्हर सिपल या माजी सैनिकाने हल्लेखोर स्त्रीचा हात पकडला. दोन दिवसांत तो समलिंगी असल्याचे वृत्तपत्रात आले. समाजाला एक समलिंगी वीर दिसावा, असा हेतू त्यामागे सांगितला जातो. घरी मात्र हे ठाऊक नव्हते, आईवडील दुरावले. त्याने दावा लावला, तोही हरला. चांगल्या हेतूने, परंतु दुसऱ्याच्या खिशातून खर्च केला गेला.

एक अपवाद मात्र विचारात घ्यावा लागेल. एखादा नेता स्वतः समलिंगी असूनही समलिंगींविरुद्ध द्वेष पसरवत असेल, तर? त्याला जाब अवश्य विचारावा. पण तो त्याच्या वक्तव्यांचा आणि कृतींचा. ती निंद्य ठरवण्यासाठी त्याच्या शय्यागृहात डोकावण्याची गरज नसते.

मग त्या विद्यार्थ्याला काय सांगावे? त्याची गरज खरी होती. मराठीत ‘देणे’ म्हणजे कर्ज, आणि त्याच धातूपासून आलेली ‘देणगी’ म्हणजे स्वेच्छेने दिलेले दान. सर बोलले असते, तर ती देणगी ठरली असती, आणि तिचे मोल त्या मुलाचे सारे शिक्षण एवढे होते. ती दिली नाही म्हणून त्यांना कर्जबुडवे म्हणता येत नाही. देणे लागत होतो ते आम्ही. स्टाफरूममध्ये या विषयावर होणाऱ्या विनोदांना मीही अनेकदा हसले होते. ते हसू सर ऐकत होते. वर्गातही तेच हसू तो मुलगा ऐकत असणार. बोलणे निर्धोक होईल असे घर, वर्ग, कार्यालय निर्माण करणे हे ऋण ऐकणाऱ्यांवर असते.

हे लिखाण छपाईला देण्यापूर्वी मी त्या गृहस्थांना वाचून दाखवले आणि सरांचे नाव घालू का, असे विचारले. ते म्हणाले, “नको. ते त्यांनी सांगायचं होतं.” थोडे थांबून पुढे म्हणाले, “पण मला ‘स्नेही’ म्हणू नका. मी त्यांचा जोडीदार होतो.”

शब्द मराठीतलाच होता. त्या सभेपूर्वी तो त्यांना विचारून घेणे मला सुचले नव्हते.