नांवाची भूल

संस्कृताचा अभिमान मनुष्याला कोठें फसवील याचा नेम नसतो. १९८६ सालीं कोंकणांतील आमच्या घरामागच्या उतारावर कोणतीं झाडें लावावीं असा प्रश्न निघाला, तेव्हां 'गिरिपुष्प' हें नांव ऐकतांच मीं निकाल देऊन टाकला. असें नांव असलेला वृक्ष सह्याद्रीचाच असला पाहिजे! तो मूळचा मध्य अमेरिकेंतला, 'ग्लिरिसिडिया' या लॅटिन नांवाचा अर्थ 'उंदरांना मारणारा', आणि गिरिपुष्प हें केवळ त्या उच्चाराला जुळणारें संस्कृत लेणें, हें मला फार मागाहून कळलें. गांवकरी त्याला 'उंदीरमारी' म्हणत. त्यांचें बरोबर होतें. पंडित चुकला होता.

काका तेव्हां म्हणाले होते, "अरे, उतारावर जुने खुंट आहेत. गुरें आवर, वणवा येऊं देऊं नको, तेच फुटतील." मीं हंसून तें बोलणें टाळलें आणि खुंट उपटून खड्डे खणविले. ते ऐन, किंजळ आणि बेहडा यांचे होते. अमरकोशांतील वनौषधिवर्ग शिकवितांना बेहड्याचीं अक्ष, कलिद्रुम, भूतावास हीं नांवें मीं मुलांकडून घोकून घेत असें. पण स्वतःच्या जमिनींतला बेहड्याचा खुंट मला ओळखतां आला नाहीं.

गिरिपुष्प भराभर वाढलें. त्याचा पाला भाताला खत म्हणून उत्तम. हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु जुन्या बेहड्याच्या ढोलींत धनेश घर करतो, मादी स्वतःस आंत लिंपून घेते, नर तिला वड-उंबराचीं फळें भरवितो आणि त्यांचें बीं रानभर पेरीत जातो. हा संसार ज्या झाडांवर चालावयाचा, तीं आमच्याकडे उरलींच नव्हतीं.

काका १९९८ सालीं वारले. २०१९ पासून आम्ही दरसाल थोडें थोडें गिरिपुष्प काढून मधून मधून बेहडा व ऐन लावीत आहों. एकदम सारें तोडलें तर माती वाहून जाईल. तोडलेल्या खोडांना पुन्हां धुमारे येतात. ते छाटण्याचें काम धाकट्या सूनबाईंनीं पत्करलें आहे. बेहड्याच्या ४० रोपांपैकीं १७ जगलीं. ऐनाचीं पहिल्या वर्षीं सगळीं गेलीं.

वरच्या बांधाजवळ, जेथें माझी कुदळ पोंचली नव्हती, तेथें किंजळाचे दोन जुने खुंट दरसाल फुटत आणि दरसाल गुरें तो पाला ओरबाडीत. कुंपण घातल्यापासून ते दोघेही वाढून माझ्या डोक्यावर गेले आहेत. त्यांना कोणीं लावलें नाहीं, कीं पाणी घातलें नाहीं. आम्ही फक्त गुरें आवरलीं.