नेव्हिल डिसूझा आणि मराठी चरित्र

‘चरित्र’ आणि ‘चारित्र्य’ हे शब्द मराठीत एकमेकांपासून फारसे दूर गेलेले नाहीत. आपला चरित्रकार नायकाच्या आयुष्यात आधी त्याग, तत्त्वनिष्ठा, आणि जमल्यास तुरुंगवास शोधतो. ज्याच्या नावावर केवळ गोल आहेत अशा माणसाचे काय करावे, हे त्याला उमगत नाही. नेव्हिल डिसूझांविषयी विचार करताना आम्हांला हे प्रकर्षाने जाणवले.

त्यांचा जन्म १९३२ साली गोव्यातील आसगावचा. कारकीर्द मात्र मुंबईची, टाटा स्पोर्ट्स क्लबची. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यांतले तीन गोल डिसूझांचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारे पहिले आशियाई म्हणून त्यांची नोंद आहे. गंमत अशी, की ते भारतासाठी खेळत होते तेव्हा त्यांची जन्मभूमी पोर्तुगीज अमलाखाली होती. ती मुक्त व्हायला आणखी पाच वर्षे लागली. एखाद्या कादंबरीकाराला एवढा धागाही पुरला असता.

उपान्त्य सामन्यात समोर युगोस्लाव्हिया होता. याच संघाने १९५२ साली हेलसिंकीत भारतावर दहा गोल चढवले होते. या वेळी उत्तरार्धात पहिला गोल केला तो डिसूझांनी. आघाडी काही मिनिटेच टिकली, सामना ४-१ असा गेला, पुढे बल्गेरियाकडूनही हार झाली आणि भारत चौथा आला. त्या ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्यांत डिसूझा होते.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉलपटूलाही १९६१ पर्यंत पगाराची कमाल मर्यादा होती. टॉम फिनीसारखा खेळाडू नळकारागिरीचा धंदाही सांभाळत असे. तरी त्यांच्यावर पुस्तके झाली. आपल्याकडे खाशाबा जाधवांचे १९५२ चे कांस्यपदक उशिरा का होईना स्मरणात आले, कारण कुस्ती ही मराठी गावाची भाषा आहे. आमच्या वऱ्हाडालाही खेळाचे वावडे नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ सालीच बर्लिनला जाऊन आले. पण तिथेही आपण मिरवले ते देशी खेळ. कोकणी घरातला, पायाने बोलणारा हा ख्रिस्ती मुंबईकर आपल्या ‘मराठी माणसा’च्या कल्पनेत बसला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

१९८० साली ते वारले. पन्नाशीही गाठली नव्हती.