तीस लक्ष मैलांची मोटार

अमेरिकेच्या अलास्का राज्यांत अँकरेज शहर सोडून सिवर्डच्या मार्गानें दक्षिणेस निघालें म्हणजे डाव्या हातास चुगाचचे डोंगर व उजव्या हातास टर्नअगेन खाडीचें पाणी सारखी सोबत करितात. सुमारें ६० किलोमीटरांवर गर्डवुड हें लहानसें गांव लागतें. वाचकांस आम्ही येथें थांबवितों, तें केवळ देखाव्यासाठीं नव्हे.

याच रस्त्यावर २०१३ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्ककडील निवृत्त विज्ञान-शिक्षक आयर्व्ह गॉर्डन यांच्या व्होल्वो मोटारीनें ३० लक्ष मैल पुरे केले. मोटार १९६६ सालीं घेतलेली, एंजिन मूळचेंच!

यांत जादू कांहीं नाहीं. दर तीन-साडेतीन हजार मैलांस ते एंजिनांतील तेल बदलीत. यंत्रांतील काजळी व धातूचा कीस तेल आपल्या पोटांत घेतें; तें वेळेवर काढलें नाहीं, तर रक्षकच भक्षक होतो. मूळचें एंजिन म्हणजे कधीं न उघडलेलें, असें मात्र नव्हे. त्याचीहि मोठी दुरुस्ती झाली होती. दरसाल पावसाळ्यापूर्वीं शाकारलेलें आजोबांचें घर आपण आजोबांचेंच म्हणतों ना?

गॉर्डन २०१८ सालीं निवर्तले. घरांतील एखादी जुनी वस्तु मोडींत काढण्यापूर्वीं तिचें तेलपाणी शेवटीं कधीं झालें होतें, एवढें वाचकांनीं आठवून पाहावें.